पातळ, मऊ, नेहमीचं

८ ऑक्टोबर

पाणी उतरलं! एक चमचा पाणी.

डॉक्टरांनी सकाळी फोटो काढून पाहिलं, आत कुठे गळती नाही म्हणाले, पाणी चालेल. नर्सने चमचा तोंडात घातला आणि मी सवयीने ते तोंडातच धरून बसलो. गिळलं की छातीत थांबणार. मग मी उठून उभा राहणार, हात वर करणार, पाठ ताणणार, वाट बघणार. 'गिळा हो आजोबा, किती वेळ खेळवताय!' ती ओरडली आणि दचकून गिळलं गेलं. थांबलंच नाही! कुठे गेलं तेही कळलं नाही.

दुसरा चमचा मागितला. 'आता थोड्या वेळाने' म्हणे. चिकट बाई.

९ ऑक्टोबर

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. अन्ननलिकेच्या अगदी तळाशी एक स्नायू असतो. घास आला की त्याने सैल पडायचं. माझा पडतच नव्हता. वर्षानुवर्षं आवळून बसलेला. तोंडातून दुर्बीण घालून आतल्या आत कापला. पोटावर टाका नाही, काही नाही. भेटायला येणाऱ्यांना दाखवायचं तरी काय!

म्हटलं, 'जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यात मी. कळलं. गाडी तळमजल्याला येते पण दार उघडत नाही.'

डॉक्टर हसले. 'आता ते दार उघडंच राहणार. म्हणजे खालचं वर येऊ शकतं. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. उशाकडची बाजू उंच ठेवायची.'

प्रत्येक दुरुस्तीनंतर काहीतरी नवीन कुरकुरायला लागतं. हे मला कुणी शिकवायला नको.

दुपारी आहाराचं सांगणारी बाई आली. पोरगीच आहे, पण काय तो दरारा! मी तिचं नाव चमचाबाई ठेवलंय. लहान चमचा, अर्धा भरलेला, ताठ बसून, गिळून झाल्याशिवाय पुढचा नाही. आधी पातळ, मग मऊ, मग नेहमीचं. 'नेहमीचं कधी?' मी विचारलं. 'ते तुम्ही सांगायचं,' ती म्हणाली. 'आत काय होतंय ते तुम्हालाच कळतं. आम्ही तुमच्या शब्दावर चालतो.'

माझ्या शब्दावर! घरात आजवर माझ्या शब्दावर पंखासुद्धा चालला नाही.

११ ऑक्टोबर

मुलाकडे आलो. पूर्ण बरा होईपर्यंत इथेच, असं त्याने आणि सुनेने आधीच ठरवून ठेवलं होतं. मला आतली खोली दिली आहे, खिडकीजवळची. पलंगाच्या पायांखाली मुलाने लाकडी ठोकळे लावून डोक्याची बाजू उचलली. लेव्हलची पट्टी लावून पातळी बघितली, अगदी बापासारखी. बरं वाटलं.

तो स्वतः बाहेर सोफ्यावर झोपतो. माझ्यामुळे नाही, त्यांची झोपायची खोली वेगळी आहे. 'पाठ दुखते बाबा, सोफा बरा पडतो.'

सोफ्यावर झोपून बरी होणारी पाठ मी पहिल्यांदाच बघतोय.

१३ ऑक्टोबर

या घरात आवाज नाही. नळाचा आहे, फ्रिजचा आहे, माणसांचा नाही.

सकाळी मुलगा उठून आपला चहा करतो, पितो, कप विसळून ठेवतो. तो अंघोळीला गेला की सून येते, तिचा वेगळा चहा करते. एकाच घरात दोन चहा! ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, तो गोदामात माल उतरवून घेतो. संध्याकाळी पुढेमागे घरी येतात. माझ्याशी दोघंही गोड. एकमेकांशीही वाईट नाहीत. तेच मला वाईट वाटतं. आम्ही नवरा-बायको भांडायला लागलो की शेजारी रेडिओ बारीक करायचे. पण संध्याकाळपर्यंत ही माझ्या ताटाशी येऊन बसलेली असायची.

बोलतात ते फक्त माझ्या जेवणापुरतं.

'बाबांचं सूप गाळलंस?'

'गाळलं.'

'कोमट आहे ना? गरम चालत नाही त्यांना.'

'बघ तूच.'

आणि तिने चमचाभर सूप त्याच्या मनगटावर टाकलं. बाळाचं दूध बघतात तसं. तो थोडा वेळ हात तसाच धरून उभा राहिला. 'आहे,' म्हणाला. त्यांना मूल नाही. मी मान खाली घालून सूप प्यायलो.

१४ ऑक्टोबर

सूप. सूप. ताक. सूप. गोड काहीतरी पांढरं. सूप.

१७ ऑक्टोबर

आज मजा झाली! सुनेने लाल भोपळा उकडून मिक्सरमध्ये घातला. मुलगा म्हणाला, झाकण नीट बसलं नाही. ती म्हणाली, बसलंय. तो म्हणाला, बसलेलं नाही. तिने बटण दाबलं. भोपळा छताला! भिंतीला, घड्याळाला, मुलाच्या चष्म्याला. मी टेबलाशी गळ्यात रुमाल बांधून बसलेलो, माझ्या टकलावरही एक थेंब.

मग सून हसली. अशी हसली की खाली बसली. तोही हसायला लागला. तिने पदराने — नव्हे, पदर कुठला, हातातल्या फडक्याने त्याचा चष्मा काढून पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. 'आता नीट दिसतंय का?' दिवसभर दुकानात लोकांना विचारते तसंच. तो म्हणाला, 'दिसतंय.' मग दोघं मिळून भिंत पुसत बसले. पुसताना बोलत होते. काय ते मला ऐकू आलं नाही, पण बोलत होते!

म्हणजे अजून आहे काहीतरी. विझलेलं नाही.

१८ ऑक्टोबर

आज आपणहून पुन्हा भोपळा मागितला. मला भोपळा अजिबात आवडत नाही.

२२ ऑक्टोबर

मऊ जेवण सुरू. मऊ अंडं!

चमच्याने तुकडा तोडला, चावून चावून त्याचं पाणी केलं आणि गिळला. छातीशी येईल, थांबेल, म्हणून टेबलाची कड धरून बसलो. तो निघूनही गेला होता. मग मीठ कळलं. मिरपूड कळली. इतकी वर्षं घास तोंडात असताना सगळं लक्ष खाली असायचं. जाईल का? अडकेल का? परत येईल का? चवीकडे बघायला वेळ कुणाला होता? मला रडू आलं. अंड्यासाठी रडणारा म्हातारा! सून म्हणाली, 'बाबा, दुखतंय का?' मान हलवली.

हिची आठवण झाली. लोकांच्या घरी जेवण असलं की मी कारणं काढायचो. आत्ताच खाऊन आलोय, पोट बरं नाही, कामावर बोलावलंय. घरी मात्र मी तासभर जेवायचो, अर्धा वेळ उभ्याने. हिचं जेवण केव्हाच संपलेलं असायचं, तरी ती रिकाम्या ताटाशी बसून राहायची. हात वाळायचा तिचा. एकदाही लवकर आटप म्हणाली नाही. जेवताना सोबत असणं म्हणजे काय ते मला बरोबर ठाऊक आहे. म्हणून या दोघांचं बघवत नाही.

२६ ऑक्टोबर

बरा होतोय आणि घर पुन्हा गप्प होतंय.

मिक्सर धुऊन वरच्या फळीवर गेला. चाळणी खिळ्याला. आता मला वेगळं काही लागत नाही, त्यांच्यातलंच जरा शिजवून, जरा कुस्करून चालतं. मग विचारायचं काय? 'बाबा, मीठ?' 'बरोबर आहे.' संपलं. तिघं टेबलाशी बसतो आणि चमचे वाजतात. मुलगा आज उशिरा आला. काल पण. ती ताट झाकून ठेवते. तो झाकण काढून एकटा जेवतो.

एकदा सरळ विचारावं असं मनात आलं. काय बिनसलंय रे? पण मुलाच्या संसारात तोंड घालणारा बाप मी कधी नव्हतो. आणि उत्तर नकोसं निघालं तर?

२८ ऑक्टोबर

आज घास अडकला. खरोखरच अडकला. बटाट्याचा मोठा तुकडा, घाईत. जुनी कळ छातीत! उठून उभा राहिलो, हात वर केले.

दोघं एकदम धावले. ती पाणी घेऊन, तो पाठीशी. 'हळू बाबा, हळू.' 'तू धर त्यांना, मी फोन लावते.' 'थांब थांब, जातोय बहुतेक.' गेलाही. पाण्याच्या दोन घोटांत. पण पुढे सगळी संध्याकाळ दोघं स्वयंपाकघरात. बटाटा पुरता शिजला होता का? तुकडे कोणी केले? मिक्सर खाली काढ. परत दोन दिवस पातळ देऊ या. मी आतल्या खोलीत उंच उशीला टेकून ऐकत होतो. गाणं ऐकावं तसं.

३० ऑक्टोबर

आज अडकला नाही. अडकला म्हणालो.

सोपं होतं. उभा राहिलो, हात वर केले, डोळे मिटले. एवढ्या वर्षांचा सराव.

लिफ्ट अडकायची तेव्हा मी आणि माझा कामावरचा जोडीदार वर यंत्राच्या खोलीत असायचो आणि खालून आवाज यायचे. दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेली माणसं किती बोलतात एकमेकांशी! वर्षभर रोज सोबत वर-खाली करून ज्यांनी नमस्कार केला नाही, ती माणसं गाव, घर, पोरंबाळं सगळं सांगायची. एक बाई तर गात होती. दार उघडल्यावर ती माणसं काय करायची त्याचा विचार आज नको.

चमचाबाई म्हणाली होती ना — तुमच्या शब्दावर.

३ नोव्हेंबर

जोडीदार भेटायला आला. सून कामावर, मुलगा कामावर. तो आल्या आल्या म्हणाला, 'घर एवढं गप्प कसं रे तुझं?' त्याच्या खिशात बिस्किटं होती, कुरकुरीत, वर साखर लावलेली. त्याने एक काढलं, मग माझ्याकडे बघून ओशाळून परत खिशात घालायला लागला. मी हात पुढे केला.

खाल्लं. कर्रर्र असा आवाज! कानांत! किती वर्षांनी माझ्याच तोंडातून तो आवाज ऐकला. नीट चावलं, गिळलं, गेलं. मग दुसरं. मग तिसरं. जोडीदार तोंड उघडं टाकून बघत राहिला.

'अरे, तू तर बरा झालायस!'

'हळू बोल.'

सगळं सांगितलं त्याला. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. 'म्हणजे लिफ्टचा ब्रेक दाबून धरलायस तू,' म्हणाला. 'किती दिवस धरशील? हात भरून येईल.'

'येऊ दे.'

'आणि त्यांनी खाली काही ठरवलं असेल तर?'

'काय ठरवणार? ठरवायला आधी बोलावं लागतं.'

जाताना बिस्किटांचा पुडा उशीखाली सरकवून गेला. चुरा मी रुमालात गोळा करून खिडकीतून झटकला. या वयात चोरून बिस्किटं!

७ नोव्हेंबर

मुलगा लवकर आला. पिशवीभर भाज्या. मला पचेल ते, सूपला चांगलं ते, दुकानदाराला विचारून विचारून आणलेलं. सून म्हणाली, 'एवढी गाजरं? घोडा पाळलायस का?' तो म्हणाला, 'डोळ्यांना चांगली असतात, तुझ्या धंद्याला मारक.' ती हसली. मी भिंतीकडे तोंड करून हसलो.

मग ती गाजरं गाळता गाळता खुर्चीतच झोपली. चाळणी मांडीवर, हातात चमचा. दिवसभर उभ्याने काम करून येते आणि वर हे. मुलाने चाळणी हळूच काढून घेतली, उरलेलं स्वतः गाळलं. तिला उठवलं नाही. चादर घालावी असं मला फार वाटत होतं, म्हणजे त्याने घालावी असं. त्याने नाही घातली. हात जरा पुढे गेला आणि मागे आला.

मला लाज वाटली. निरोगी माणूस मी, आणि ती पोर माझ्यासाठी गाजरं गाळतेय. पण आणखी थोडे दिवस. तो हात पुढे जायचा तेवढा राहिलाय.

१० नोव्हेंबर

दोघं वेगवेगळे येऊन एकच विचारतात. सकाळी तो, 'बाबा, साधारण कधी होईल हो नेहमीचं?' संध्याकाळी ती, 'बाबा, काय वाटतंय, अजून किती दिवस?' किती काळजी! मी म्हणतो, घाई करून चालत नाही या गोष्टीत.

१४ नोव्हेंबर

चमचाबाईकडे गेलो. तिने वजन केलं, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. 'गाळलेल्या सुपावर एवढं वजन?'

'सुनेच्या हाताला चव आहे.'

तिने पेन खाली ठेवलं. माझ्या शर्टाच्या खिशावर साखरेचा कण होता, तो मला तेव्हाच दिसला. तिलाही दिसला असणार. रागावली नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, 'आजोबा, काही लोकांना नंतरही घासाची भीती वाटते. त्यात लाज नाही. दुसरं काही कारण असेल तर त्यातही नाही. पण एकदा फोटो काढून बघू या.' सांगून टाकावं असं फार वाटलं. जीभ वळली नाही. घास उतरायला लागले, शब्द अडकायला लागले.

१८ नोव्हेंबर

फोटो काढला. पांढरं, खडूसारखं औषध प्यायचं आणि यंत्रासमोर उभं राहायचं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. पांढरी रेघ वरून सुटली ती सरळ खाली! कुठे थांबा नाही. 'उत्तम!' डॉक्टर म्हणाले. 'आजपासून सगळं खा. चावून खा. मनावर कसला बोजा ठेवू नका.'

मुलाला गाडी लावायला जागाच मिळत नव्हती, तो येईपर्यंत माझं सगळं आटोपून मी बाहेर बाकावर होतो. 'काय म्हणाले, बाबा?' धापा टाकत विचारलं त्याने.

'अजून मऊच. थोडे दिवस.'

गाडीत बसलो. त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. कपाळ स्टिअरिंगवर टेकून बसला. वरून केस विरळ झालेत त्याचे. मला माहीतच नव्हतं. 'थोडे म्हणजे किती?' 'सांगता येत नाही.' तो काही वेळाने सरळ झाला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. 'असू दे. आपण करू.'

एवढा जीव आहे पोराचा माझ्यावर! आणि मी खोटं बोललो. मान वर करून रस्ता बघवत नव्हता. पण संध्याकाळी दोघं गॅलरीत उभे राहून बोलले, काचेचं दार लावून, बराच वेळ. मला पाठमोरे दिसत होते. शेजारी शेजारी. म्हटलं, चालेल. खोटं तर खोटं. कामाला येतंय.

२१ नोव्हेंबर

सून दुपारी लवकर आली. माझ्या खोलीत येऊन दार लोटलं. तिने दुकानाजवळ एक खोली बघून ठेवली आहे, माझ्या ऑपरेशनच्या आधीपासून. मालकीण आता थांबायला तयार नाही. 'आमचं ठरून बरेच महिने झाले, बाबा. भांडण नाही. संपलंय. तुम्ही नीट जेवायला लागेपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही आणि कुणी कुठे जायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.' मग रडायला लागली. 'अजून किती दिवस हो? रागावू नका. मला सोडून जायचं नाहीये तुम्हाला असं. पण मी दमले.'

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काही सांगितलं नाही.

संध्याकाळी तिघं टेबलाशी. माझ्यापुढे वाटीत कुस्करलेला भात आला. वाटी बाजूला सारली, मुलाच्या ताटातला पाव उचलला, कडक कडेचा. तोडला. चावला. दोघांचे चमचे हातात तसेच राहिले. मुलाने तिच्याकडे बघितलं, तिने त्याच्याकडे. मी सगळा खाल्ला. पाणीसुद्धा लागलं नाही.